साखरेनं उठला

नवऱ्याचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं न्हाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता घेते. चांगदेव. आणि अरे-तुरेच करणार हाय. ज्याला ऐकायला जड जाईल त्यानं उठून जावं.

मी जनी. उरणजवळच्या आमच्या गावाला पूर्वी मिठागरं व्हती, आता चारी बाजूंनी कंटेनरचे यार्ड हायत. सासऱ्यानं मीठ ओढलं, चांगदेवानं ट्रेलर चालवला, आता मुलगा परेश चालवतो. चांगदेव घरी बसून असतो आणि संध्याकाळी भजनात टाळ कुटतो. मी भाकऱ्या करते. यार्डाच्या कॅन्टीनला रोज दुपारी माझ्या भाकऱ्या जातात. तांदळाच्या. आमच्याकडं भाकरी म्हटली की तांदळाचीच. पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून वाफ द्यायची, हाताला चटके सोसत मळायचं आणि थापायचं. तव्यावर टम्म फुगली की ड्रायव्हर लोक नुसत्या चटणीला लावून खातात. फुशारकी म्हणून सांगत न्हाय. ह्या भाकऱ्यांनीच माझा घात केला म्हणून सांगते.

चांगदेवाला साखर हाय हे आधीपासून माहीत व्हतं. आमच्या आळीत कुणाला न्हाय? लोक म्हणतात, "थोडी साखर हाय," जशी काय पाहुणी आलीय, चार दिवस राहील आणि जाईल. पण दोन-अडीच वर्सांपूर्वी ह्याच्या चपलेचा खिळा डाव्या अंगठ्यात रुतला आणि ह्याला कळलंच न्हाय. ओटीवर रक्ताचे ठसे बघून मी ओरडले, तवा हा म्हणतो, "कुणाचं गं रक्त?" ती जखम भरता भरंना. आणि आमच्या घरात पायाचं भ्याव आधीच शिरलेलं. ह्याचा थोरला भाऊ दादू, त्याचा पाय असाच अंगठ्यापासून सुरू झाला आणि गुडघ्यापर्यंत कापला. पाय गेल्यावर माणूस वर्सभर पण टिकला न्हाय.

मग मी ह्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण रुचिताताई. वयानं माझ्या लेकीएवढी, पण बोलणं असं की कुणाला पण समजावं. चांगदेव तिला म्हणाला, "ताई, मी गोडाला हात लावत न्हाय. चहा पण बिनसाखरेचा. मग ही साखर येते कुठून?"

ताईनं माझ्या गळ्यातल्या पोतीकडं बोट केलं. म्हणाली, "काका, भात म्हणजे अशी माळ समजा. खूप लांब. आणि त्यातला एकेक मणी म्हणजे साखर. अख्खी माळ रक्तात जाऊ शकत नाही, सुटा मणीच जातो. म्हणून शरीर ती तोडत जातं. तोंडात लाळ तोडायला सुरुवात करते. घरी गेल्यावर भाकरीचा तुकडा तोंडात घ्या, गिळू नका, नुसता चावत राहा. गोड लागायला लागेल."

"आणि पोटात?" मी विचारलं.

"पोटात ते काम जरा थांबतं. मग लहान आतड्यात दुसरा रस येतो आणि माळेचे बारीक तुकडे पाडतो. दोन मण्यांचे, तीन मण्यांचे. शेवटी हे तुकडे आतड्याच्या अस्तरावर सुटे होतात आणि तिथूनच साखर रक्तात जाते. तुम्ही साखर खाल्ली नाही तरी भात साखर होऊनच आत जातो."

चांगदेव खाली मान घालून ऐकत व्हता. ताईनं दोन गोळ्या दिल्या. एक सकाळची, साखर उतरवणारी. दुसरी दुपारच्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. ही दुसरी गोळी शेवटचे मणी पटकन सुटू देत न्हाय, आतड्यातच अडवते, म्हणून जेवल्यावर साखर एकदम उसळी मारत न्हाय. मग ताईनं मला जवळ घेऊन बजावलं. "मावशी, हे नीट लक्षात ठेवा. सकाळच्या गोळीनं कधी साखर फार खाली गेली, घाम आला, हात थरथरले, बरळायला लागले, तर घरातली साखर देऊन भागायचं नाही. साखर म्हणजे दोन जोडलेले मणी, ते ही गोळी अडवून धरणार. ग्लुकोजची पावडर द्यायची. तो सुटा मणी, थेट रक्तात जातो. डबा घरात हवाच."

मी तीनदा घोकून घेतलं. ग्लुकोज. साखर न्हाय, ग्लुकोज.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि चावत बसले. खरंच गोड लागला हो! इतकी वर्सं ह्या हातांनी भाकऱ्या थापल्या, पण गिळायची एवढी घाई की कधी कळलंच न्हाय. ती माझी शेवटची भाकरी. कारण रात्री चांगदेव ओटीवर बसला, बांधलेला पाय माझ्या मांडीवर टाकला आणि लहान पोरासारखा रडला. ताईनं भात मापात खा म्हणून सांगितलं व्हतं. हा म्हणाला, "जने, मला माप जमत न्हाय. समोर आला की मी थांबत न्हाय. सोडायचा तर अख्खा सोडायला पायजे, आणि मला एकट्याला न्हाय जमायचं."

माझं काळीज पाणी पाणी झालं. मी म्हटलं, "तुमी एकटं कशाला? मी पण सोडते. तुमचा पाय बरा व्हईपर्यंत मी भाताचा दाणा तोंडात घालायची न्हाय. भाकरी न्हाय, घावन न्हाय, काय न्हाय."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ, जने. मी पण न्हाय खायचा."

तुझी शपथ. म्हंजे मोडली तर मरणार कोण? मीच.

रोज पहाटे मी तांदळाच्या पिठात कोपरापर्यंत हात घालायची आणि एक तुकडा तोंडात टाकायची न्हाय. मीठ बरोबर हाय का बघायला सून दिपालीला पहिली भाकरी चाखायला लावायची. गौरीला मोदक वळले, बोटाला लागलेली उकड पाण्यात धुवून टाकली. हळदीच्या पंगतीत बायका माझ्या ताटाकडं बघून हसायच्या. "जनी, एका घासानं काय मरतेस काय?" मी म्हणायची, "शपथ हाय." माणगावकडचा माझा भाऊ बाळाजी दर वर्साला नवा तांदूळ पाठवतो. नव्या भाताचा वास म्हंजे काय असतो हे तुमाला सांगायला नको. मी शिजवून दिपालीला आणि परेशला वाढला आणि माझ्या ताटात नाचणीची भाकरी घेतली. चांगदेव पण समोर बसून नाचणीच चावत व्हता, तोंड कडू औषध घेतल्यासारखं करून. मला त्याची दया यायची. माझ्या बाजूला कुणीतरी हाय असं वाटायचं. हेच वाटणं मला नडलं.

आणखी एक गोष्ट मला नडली. सांगायला लाज वाटते, पण सांगते. ती घासाबरोबरची गोळी सुरू झाली आणि चांगदेवाचं पोट म्हंजे नुसता फुगा झाला. ताई म्हणाली, आतड्यात न तुटलेलं पीठ खाली जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि गॅस धरतो. हळूहळू पोटाला सवय होईल. पण तवर काय? भजनात बुवानं आलाप घेतला की हा मागून साथ करायचा. लोकं टाळ टाकून हसायची. एकदा हरेश्वर बुवा म्हणाला, "चांगदेवा, तू मृदंगावर बस, तुझा ठेका चांगला हाय." त्या दिवशी हा घरी येऊन जेवला न्हाय. आणि मग महिन्याभरात सगळं थांबलं. एकदम. मी म्हटलं, चला, पोट सवयीला लागलं. देवापुढं नारळ फोडला मी! गॅस थांबला म्हणून! अगो बाई, आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जखम काय धड भरंना. आठ दिवस सुकायची, परत ओली व्हायची. रोज संध्याकाळी मी कोमट पाण्यानं पाय धुवायची, पट्टी बदलायची. तपासणीला गेलं की साखर चढलेलीच. ताई चक्रावली. सकाळची गोळी वाढवली, परत वाढवली. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, काका चोरून काही खात तर नाहीत ना?"

मी केवढी उसळले! "ताई, माझ्या घरात तांदळाचा दाणा त्यांच्या तोंडात जात न्हाय. मी स्वतः सोडलाय त्यांच्यासाठी. माझ्या माणसाची ग्वाही मी देते."

चांगदेव शेजारी बसला व्हता. मान हलवली त्यानं. हलवली बरं का!

आता माझ्या नणंदेचं सांगते. गोमीबाय, चांगदेवाची थोरली बहीण. नवरा गेला, लेक पेणला दिलेली, दोन घरं सोडून एकटी राहते. रोज सकाळी फडकं घेऊन माझ्या चुलीशी यायची आणि चार भाकऱ्या घेऊन जायची. वन्संना काय विकायच्या? मी गरम गरम फडक्यात बांधून द्यायची. एकदा मी सहज म्हटलं, "वन्सं, एकटीच्या पोटाला चार भाकऱ्या?" तर म्हणाली, "मांजरं हायत ना माझी. मुकं जनावर." मी म्हटलं, केवढी दयाळू बाई! त्या दिवसापासून मी भाकऱ्या जरा मोठ्याच थापायला लागले. मांजरांना पुरावं म्हणून.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं डोळे मिटले व्हते ते माझे.

गेल्या भादव्यातली गोष्ट. त्या सकाळी वन्सं आल्या न्हायत. आदल्या दिवशीच सांगून गेल्या व्हत्या, "उद्या भाकऱ्या नको, लेकीकडं पेणला चाललेय." मी चांगदेवाला सकाळची गोळी दिली. दुपारी त्याचं ताट वाढलं, नाचणीची भाकरी आणि दुधीची भाजी, ताटाच्या कडेला घासाबरोबरची गोळी ठेवली आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन कॅन्टीनला गेले. रोजचंच व्हतं ते. परत आले तर ताट घासून पुसून लख्ख. मी विचारलं, "जेवलात? गोळी घेतली?" म्हणाला, "व्हय व्हय, केव्हाच."

मी हातपाय धुवायला मागं गेले आणि दिपालीची हाक आली, "आई! आई, धावा!"

चांगदेव ओटीवर खांबाला टेकून बसला व्हता. घामानं बनियन चिकटलेलं. हात लटलट कापत व्हते, डोळे भलतीकडंच. मला बघून म्हणतो, "दादू आला काय रे?" मेलेल्या भावाला हाक मारतोय! पण घोकलेलं डोक्यात पक्कं व्हतं. ग्लुकोज. मी फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, तर आत दगड. आमच्याकडं खाडीची दमट हवा, मीठ पण पाणी धरतं, त्या पावडरीचा एकच गोळा झाला व्हता. चमचा वाकला पण कण निघंना. मी डबा उचलून पाट्यावर आपटला आणि वरवंट्यानं घाव घालायला लागले.

तेवढ्यात दिपालीनं वाटीत साखरेचं पाणी केलं आणि त्याच्या ओठाला लावलं.

"साखर नको!" मी किंचाळले. "दिपाली, साखरेनं भागायचं न्हाय! गोळी पोटात हाय त्यांच्या! ग्लुकोजच पायजे!"

पण तिनं पाजलं. तो घोट घोट प्यायला. मी वरवंटा मारत राहिले, रडत राहिले, पांडुरंगा, खंडोबा, ज्याचं नाव येईल त्याला हाका मारत राहिले. शेवटी दगड फुटला. वाटीत भुगा घेऊन मी ओटीवर धावले, तर चांगदेव सरळ बसलेला. कपाळ पुसत व्हता. मला बघून म्हणाला, "काय गं? एवढी कशाला रडतेस?"

दिपाली हसत व्हती, रडत व्हती. "आई, उठले! साखरेनं उठले!"

आणि मी तिथंच उभी राहिले, एका हातात वाटी, एका हातात वरवंटा. माझा माणूस वाचला व्हता. मला आनंदानं गडबडा लोळायला पायजे व्हतं. पण ताईचं बोलणं कानात घुमत व्हतं. दोन जोडलेले मणी. गोळी अडवून धरणार. मग ह्याचे मणी एवढ्या पटकन सुटले कसे?

मी वाटी खाली ठेवली. वरवंटा पण ठेवला, बरं झालं ठेवला. विचारलं, "दुपारची गोळी कुठं हाय?"

"पोटात. कुठं असणार?"

"पोटात असती तर साखरेनं उठला नसतास."

लग्नाला तीस वर्सांवर झाली. पहिल्यांदा मी त्याला एकेरीत बोलले. त्याला पण ते ऐकू गेलं. त्यानं नजर वळवली.

"आणि साखर एवढी खाली गेली कशी? जेवला व्हतास ना?"

तो पायाची पट्टी चाचपत बसला. आणि दिपाली, भोळी बिचारी, अजून घाबरलेलीच, बोलून गेली, "आई, आत्या आज घरी न्हाय ना. बाबा उपाशीच राहिले असतील."

बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. पण सुटलेला शब्द थोडाच परत घशात जातो?

"आत्या न्हाय म्हणून बाबा उपाशी का राहतील, दिपाली?" मी हळूच विचारलं. मी हळू बोलते तवा घरातले सगळे घाबरतात.

मग सगळं बाहेर आलं. मी टोपली घेऊन वळले की हा ताटातली नाचणी मागच्या दारी कोंबड्यांना टाकायचा, गोळी मोरीत, आणि उठून वन्संच्या घरी. तिथं भात, कालवण आणि माझ्याच हातच्या चार भाकऱ्या. दोन वर्सं. मांजर म्हंजे हाच बोका. आज बहीण घरी न्हाय, आणि नाचणी कोंबड्यांना टाकायची हाताला सवय, म्हणून पोटात अन्नाचा कण न्हाय आणि वरून सकाळची ती वाढवलेली गोळी. ती पण वाढवली कशानं? तर साखर उतरत न्हाय म्हणून. आणि साखर उतरत न्हाय कशानं? माझ्या भाकऱ्यांनी.

दिपाली पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला उन्हाळ्यातच कळलं व्हतं, आई. आख्ख्या आळीला माहीत हाय. मला वाटलं, घरात भांडण नको."

आख्ख्या आळीला! म्हंजे हळदीच्या पंगतीत बायका माझ्या ताटाकडं बघून हसत व्हत्या ते शपथेला हसत न्हवत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं व्हतं. इथं घरच्यांनीच केसानं गळा कापला व्हता, शिव्या द्यायच्या कुणाला?

संध्याकाळी वन्सं पेणहून आल्या तशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. मला बघून त्यांना कळलं. पण लाजलीबिजली न्हाय ती बाई. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय, घातलं जेवायला. माझा भाऊ हाय तो. दादूला तुमी लोकांनी भात बंद केलात, त्याच्या अंगातली ताकद गेली आणि मग पाय गेला. ह्याला पण तसाच मारू देऊ?"

"दादूचा पाय साखरेनं गेला, वन्सं."

"तुमची डॉक्टरीण सांगते ते खरं, आणि आमी भात खाऊन म्हातारे झालो ते खोटं?"

वन्संना खरंच तसं वाटत व्हतं. तिच्या भाताला माया व्हती, तीच तर पंचाईत. मी एवढंच विचारलं, "मी दोन वर्सं दाणा तोंडात घातला न्हाय. रोज माझ्या चुलीशी बसून बघत व्हतात तुमी. एकदा पण सांगावंसं वाटलं न्हाय?"

तवा वन्सं जरा नरमली. म्हणाली, "मी म्हटलं व्हतं त्याला. बिचारी उगाच कोरडं खाते, सांगून टाक. तर तो म्हणाला, नको. तिचा उपास हाय तोच मला राखतो. बायकोचं व्रत नवऱ्याला लागतं. ती खायला लागली तर माझा पाय जाईल."

मी ते ऐकलं आणि दारातच बसले.

चोरून खाल्लं असतं, जिभेचा हावरा हाय म्हणून, तर मी कदाचित चार दिवस भांडून सोडून दिलं असतं. पण ह्यानं हिशेब केला व्हता. खायचं ह्यानं आणि सोडायचं मी. ह्याच्या पोटात भात जाणार आणि माझ्या पोटात न गेलेला भात ह्याची साखर उतरवणार! आमच्या बायकांनी वडाला दोरे गुंडाळले, हरताळका धरली, उपास काढले, आणि नवरे फराळावर ताव मारून म्हणाले, आमचं आयुष्य वाढलं. ह्याला वाटलं साखरेचं पण तसंच असतं. अरे मेल्या, माळ ज्याच्या पोटात तुटते, मणी त्याच्याच रक्तात जातात! माझी जीभ मारून तुझं रक्त कसं धुवून निघेल? दोन वर्सं मी त्याची बायको न्हवते. नवसाचा बोकड व्हते.

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. रिक्षात तो म्हणाला, "ताईला काय सांगू नको, जने. लोकांत अब्रू जाईल." ताईनं साखरेचं पाणी पिऊन उठले हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "गोळी आत असती तर इतक्या पटकन उठले नसते, मावशी."

"न्हाय घेत तो गोळी," मी म्हटलं. "आणि भात रोज खातो. दोन वर्सं खातोय. भाकऱ्या माझ्याच हातच्या. मी तुमाला ग्वाही दिली व्हती, ती खोटी निघाली. माझी चूक."

चांगदेवानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच त्याला दगा दिला. ताई त्याच्यावर रागावली न्हाय, ते तिचं काम न्हाय. तिनं पट्टी सोडली, अंगठा दाबून बघितला आणि वास घेतला. अंगठा काळा पडायला लागला व्हता. मी रोज धुवायची तो, रोज बघायची, आणि म्हणायची, आज जरा बरा दिसतो.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात अंगठा काढला. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आता तरी सांभाळा, न्हायतर पुढच्या वेळी अंगठ्यावर भागायचं न्हाय. मी तिथं सगळं केलं. उशाशी बसले, भांडं दिलं, लंगडत चालायला शिकवलं. बायको हाय म्हणून केलं, आणि माणूस हाय म्हणून पण केलं. वन्सं एकदा आली, पायाच्या पट्टीकडं बघितलं, माझा हात धरला आणि काहीतरी बोलायला गेली. मी हात सोडवून घेतला. आता ती सकाळी फडकं घेऊन येत न्हाय. घरीच तांदूळ शिजवते म्हणे.

दिवाळी झाली आणि बाळाजीनं नवा तांदूळ पाठवला. मी दोन दिवस पिशवी तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सोडली. तांदूळ धुतला, भात टाकला. वाफ सुटली तसा घरभर वास गेला. दिपाली दारात येऊन माझ्याकडं बघत राहिली.

चांगदेव पाय लांब करून बसला व्हता. त्याच्यापुढं नाचणीची भाकरी वाढली, मेथीची भाजी वाढली, ताटाच्या कडेला गोळी ठेवली. मग दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला, वर कोलंबीचं कालवण घातलं आणि त्याच्यासमोर बसले. तो आधी माझ्या ताटाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"जने," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक, त्या रात्री ओटीवर व्हता तसाच. "तू खायला लागलीस तर मी एकटा पडेन गं. मला एकट्याला न्हाय जमायचं."

मी भात कालवला.

"दोन वर्सं मी एकटीच व्हते," मी म्हटलं, आणि घास तोंडात घातला.

गिळला न्हाय. ताईनं सांगितलं व्हतं तसा चावत राहिले, चावत राहिले. मनात व्हतं, एवढा राग पोटात असताना काय चव लागणार? पण लाळेला राग कळत न्हाय, ती तिचं काम करत राहते. गोड लागायला लागला. डोळ्यांतून पाणी येऊन ताटात पडत व्हतं, तरी गोडच लागत व्हता. मी दुसरा घास घेतला. त्यानं गोळी घेतली की न्हाय, ते मी बघितलं न्हाय.